सुळे घासणारे नजीरचाचा

नजीरचाचा माणसाला तोंडावरून ओळखायचे. म्हणजे चेहऱ्यावरून नव्हे, दातांवरून. नाव विसरायचे, दात नाही. देगलूरच्या बसस्टँडमागे त्यांचं कवळ्या बनवायचं दुकान होतं. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, चाचा त्यांवर दात बसवायचे. मी पहिल्यांदा आत शिरले तर म्हणाले, "बस बेटा. खालचा दात वाकडा हाय तुझा. लई भांडखोर असणार." दाताचा आणि स्वभावाचा काडीचा संबंध नसतो, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. ते म्हणाले, "बघ."

मी गेले होते पत्रक द्यायला. आमचा तरुणांचा विज्ञानप्रसाराचा गट आहे. त्यात चिडायचं खातं माझ्याकडे. प्लास्टिकच्या डायनासोरांवर मी पत्रक काढलं होतं: 'लेकरांना खोटं विकणं बंद करा!' लांब मानेचा, झाडपाला खाणारा गरीब प्राणी, आणि हे कंपनीवाले त्याच्याही तोंडात वाघाचे सुळे भरतात. का? तर भीती जास्त खपते. लाज नाही!

आणि चाचांच्या टेबलावर, कवळ्यांच्या रांगेत, तसलाच एक लांबमान्या उताणा पडलेला. त्यांच्या नातीचा. घासायच्या मशीनने चाचा त्याचे सुळे उतरवत होते. कुणा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डायनासोरांच्या खऱ्या दातांचे, दगड झालेल्या दातांचे, फोटो मोबाइलवर पाठवले होते. तेव्हापासून गल्लीतली पोरं आपापली जनावरं त्यांच्याकडे दुरुस्तीला आणत.

"झिजलेला दात झूट बोलत न्हाई," चाचा म्हणाले. "कोण काय खायचा, सगळं त्याच्यावर लिहून हाय. हे लांबमान्याचे बघ, पेन्सिलीसारखे. पाला वरबडायचा आन् न चावता गिळायचा. आमच्या जावयासारखा." मग फोटो पुढे सरकवत, "आन् यांचा दात पडला की खालून नवा. जन्मभर! असली गिऱ्हाइकं मिळाली असती तर मी उपाशी मेलो असतो."

मला माझा माणूस सापडला होता. मी ऐटीत पत्रक पुढे केलं. चाचा बोट फिरवत वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले: 'शाकाहारी डायनासोरांना दात नव्हतेच.'

"मग पाला काय डोळ्यानं खायचे?"

जोशात लिहिलं होतं, तपासलं नव्हतं. मी म्हणाले, "एकच ओळ आहे चाचा. मुद्दा तर बरोबर आहे ना?"

कवळीचा एखादा दात उंच राहिलाय का, हे बघायला निळा कार्बन कागद चावायला देतात. उंच दातावर डाग उमटतो. चाचांनी तो कागद उचलून माझ्या ओळीवर घासला. "बाकी सगळे दात नीट बसले आन् एकच उंच राहिला, तर माणूस जेवताना रडतो. त्याला काय सांगू, एकच हाय म्हणून?"

"पण सकाळीच शाळेत वाटलंय. आता परत गेले तर माझी इज्जत जाईल."

"जाईना का. उंचच बसलीय जरा. घास थोडी."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभी राहिले. आदल्याच दिवशी याच मुलांसमोर मी खेळणीवाल्यांना खोटारडे म्हटलं होतं. 'माझ्या पत्रकात चूक आहे, त्या प्राण्यांना दात होते,' एवढं एका दमात म्हणून टाकलं. चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. "ताई, मग तुम्हाला पण बंद करायचं का?" मुख्याध्यापक इतके हसले, की मला त्यांच्या अक्कलदाढा दिसल्या.

चाचांना सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाले, "त्या पोरीला पाठव माझ्याकडं. कामाची हाय."

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आता मी प्रत्येक पत्रक छापायच्या आधी चारजणांना वाचायला देते. सगळे म्हणतात, "ताई, जबरदस्त!" मला भयंकर संताप येतो. मी लिहिलंय म्हणजे कुठेतरी चूक असणारच, आणि त्या ओळीवर बोट ठेवणारा एकही माणूस अजून सापडलेला नाही.