तिला वाचता येत होतं

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत पहिल्या वाचनाच्या दिवशी प्रत्येक नटाला एक कोरी वही मिळते. दिग्दर्शकांचीच ही पद्धत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चाळीस वर्षं स्पर्धेची नाटकं बसवतायत. वहीत आपापल्या पात्राबद्दल लिहायचं: ते कुठे जन्मलं, किती शिकलं, त्याला कुणाचा राग येतो, रात्री झोप लागते की नाही. नाटकात नसलेलंही शोधायचं, पण नाटकाच्या आधाराने. त्या रविवारी सकाळी कर्वेनगरच्या शाळेच्या हॉलमध्ये वह्या वाटत वाटत ते माझ्यापाशी आले आणि मला ओलांडून पुढे गेले. मी हात पुढे केलेला होता.

"अहो, तुम्हाला कशाला वही? मोलकरणीचं काम आहे, चार वाक्यं. आणि भाषेचीही मेहनत नाही. तुम्ही तिकडच्याच."

तिकडची म्हणजे यवतमाळची. नाटकातली मोलकरीण बोलते ती भाषा वऱ्हाडी नाही. खरं तर ती कुठल्याच गावची नाही. जुन्या नाटकांत नोकरमाणसांसाठी ठेवणीतली एक बोली असते, तीच ती. हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "प्रेक्षकांना काय फरक पडतो?" आणि सगळे हसले. मीही हसले. अकरा वर्षं पुण्यात काढल्यावर कुठे हसायचं ते कळतं.

नाटक साठेक वर्षांपूर्वीचं, गाजलेलं. गोष्ट साधी आहे. पुण्यातलं लग्नघर, धाकट्या नणंदेचं लग्न चार दिवसांवर आलेलं. थोरल्या सुनेचं माहेर नागपूरचं. तिला भावाचं पत्र येतं: आई शेवटच्या घटका मोजतेय, तुझं नाव घेतेय, लगेच निघ. सून ते पत्र स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याखाली लपवते, कुणाला काही कळू देत नाही, लग्न पार पाडते. पाठवणी झाल्यावर पत्र हातात घेऊन रडते. तिथे पाच मिनिटांचं स्वगत आहे आणि त्यावर अख्खं नाट्यगृह रुमाल काढतं. परीक्षेत थोरल्या सुनेचं स्वभावचित्र विचारतात आणि पोरं 'त्यागमूर्ती' लिहून मोकळी होतात. आमच्यात थोरली सून करणाऱ्या बाई एका कॉलेजात मराठी शिकवतात. हेच नाटक वीस वर्षं शिकवतायत, त्यामुळे थोरली म्हणजे त्यांची घरचीच.

मोलकरीण चार वेळा येते; नाटकात तिला नावही नाही. एकदा चहा घेऊन. एकदा पत्र घेऊन. तिसऱ्यांदा कशाला येते हे आमच्या झेरॉक्सवर नव्हतं, तिथे काट मारलेली होती. आणि चौथ्यांदा, थोरली रडत असताना. थोरली म्हणते, "तुला नाही कळायचं गं." मोलकरीण म्हणते, "आमास्नी काय कळतंय, बाई!" आणि पदराचं टोक दातात धरून, डोकं खाजवत निघून जाते. साठ वर्षं तिथे हशा येतो. त्या हशानंतर स्वगत.

घरी परतताना विश्रांतवाडीच्या एका दुकानातून मी स्वतःच वही घेतली. शंभर पानी.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची आहे. दुसऱ्याने लिहिलेलं घ्यायचं आणि ते जसं म्हणतं तसं खरंच चालतं का, हे बघायचं. करणाऱ्याच्या मनात काय होतं याला आमच्याकडे किंमत नाही. त्यामुळे मी चारही वाक्यं तशीच तपासायला घेतली आणि दुसऱ्या वाक्यालाच अडकले.

"बाई, नागपूरचं पत्र आलंया."

हिला कसं कळलं?

रंगसूचना स्पष्ट आहे. दुपारची सामसूम, घर झोपलेलं, दाराच्या फटीतून आत पडलेलं पत्र उचलून मोलकरीण येते. पाकीट बंद आहे, कारण ते पुढे थोरली फोडते. पोस्टमन निघून गेलाय. सांगायला कुणी नाही. मग 'नागपूर' हे पाकिटावर वाचल्याशिवाय तिला कळायला मार्गच नाही. बाईला वाचता येतंय! मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. अंगावर काटा आला हे कबूल करते. आणि मग राग आला, कारण साठ वर्षं किती जणींनी हे काम केलं असेल आणि एकीच्याही हातात वही पडली नाही.

वाचनालयातून मी नाटकाची छापील प्रत काढली. काट मारलेला तिसरा प्रवेश तिथे होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मोलकरीण थोरलीला सांगते, "डबं घासून ठिवलं, बाई. समदं जिथल्या तिथं हाय." एवढंच. हे वाक्य भरतीचं म्हणून कापलेलं. पण डबे घासायला काढले म्हणजे डाळीचा डबाही काढला. त्याच्याखालचं पत्र तिच्या हाती लागलं. तिने ते वाचलं. आणि होतं तिथे परत ठेवून ती मालकिणीला सांगायला आली की बाई, सगळं जिथल्या तिथं आहे.

त्या घरात आणखी एका माणसाला सगळं माहीत होतं. मग "आमास्नी काय कळतंय" हे अडाणी बाईचं वाक्य उरत नाही. ती धडधडीत खोटं बोलते, आणि का बोलते हे मला फार चांगलं ठाऊक आहे.

पुण्यात आल्यावर मी दोन वर्षं एका काकूंकडे खोली घेऊन राहिले. काकू वाईट नव्हत्या. पण टोमण्यांशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे, आणि माझ्याबद्दल अशी समजूत त्यांनी करून घेतली होती की मी सरळ आहे, मला टोमणा कळत नाही. "तिला काय, तिच्या डोक्यावरून जातं," हे त्या माझ्यासमोरच मैत्रिणींना फोनवर सांगत. मला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. मी चेहरा कोरा ठेवायचे. न कळणाऱ्या माणसासमोर लोक सगळं बोलतात, आणि त्याच्या वाटेलाही जात नाहीत. "मला काय कळतंय, काकू" हे मी स्वतः किती वेळा म्हटलंय. तेव्हा त्यात सोय होती. आता त्याची मला लाज वाटते, आणि ज्यांनी तसं वागायला लावलं त्यांचा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या रविवारी मी दिग्दर्शकांना सांगितलं की तिसरं वाक्य परत हवंय, आणि शेवटी मी डोकं खाजवणार नाही. कारणही सांगितलं. पुस्तक उघडून रंगसूचना दाखवली.

ते म्हणाले, "अहो, सुनेचं माहेर नागपूर. तिला पत्र आलं की नागपूरचंच असणार. त्यात वाचायचंय काय?"

मी पहिला अंक काढला. लग्नघर आहे, साताऱ्याहून, सांगलीहून रोज चार-पाच पत्रं येतायत, असं सासरे स्वतः म्हणतात.

"नाटककाराच्या डोक्यात असलं काही नव्हतं."

"नसेल. कागदावर आहे."

"मग ती नाटककाराची चूक आहे."

"असेल. पण साठ वर्षांत कुणी दुरुस्त केली नाही. आता ती नाटकातच आहे."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण माणूस कसलेला. त्यांनी खरं कारण सांगितलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. "तिथे हशा आला नाही तर पुढे रडू येत नाही. प्रेक्षकाला आधी सैल करावं लागतं. चाळीस वर्षं पाहतोय मी." मग चष्मा पुसत विचारलं, "तुमच्या घरी कुणी... म्हणजे आई वगैरे, कामाला जात होत्या का? म्हणून तुम्ही एवढं मनाला लावून घेताय?"

"नाही. वडील हेडमास्तर, आई घरी. आमच्याकडेच बाई होती कामाला."

हे ऐकून ते जरा निराश झाले. दुःखाची कहाणी असती तर त्यांनी मला एक वाक्य माफ केलं असतं. मला माफी नको होती. नाटकात जे आहे ते करू द्या, एवढंच मागत होते.

आता कॉलेजच्या बाई पुढे आल्या. त्यांनी एकच सांगितलं. "थोरलीचं दुःख कुणालाही माहीत नाही, हाच तर तिचा त्याग आहे. तुम्ही ते जाणता असं दाखवलंत तर माझ्या हातात काय राहिलं?" त्यात राग होता आणि भीतीही होती. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. एका बाईचं मोठेपण दुसरीच्या मूर्खपणावर उभं असेल तर ते तपासून बघायलाच हवं.

दिग्दर्शकांनी मला काढायचं ठरवलं होतं. पण स्पर्धा महिन्यावर आलेली, चार वाक्यांसाठी दर रविवारची सकाळ द्यायला दुसरी कुणी तयार होईना, म्हणून मी राहिले. तिसरं वाक्य त्यांनी दिलं, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून. डोकं खाजवायचं की नाही यावर दर तालमीत तेच. "खाजवा." "नाही." "अहो, निदान पदर तरी दातात धरा." "नाही." शेवटी त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "प्रयोगात जर तिथला हशा गेला, तर पुढच्या वर्षी संस्थेत तुम्ही नाही."

मला ही संस्था हवी होती. ऑफिसात मी एक नाव आणि एक स्क्रीन असते. आठवड्यातले हे चार तास मी मराठीत मोठ्याने बोलायचे. दुसरी संस्था शोधली असती तर तिथेही मोलकरीणच मिळाली असती, हेही मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं नाही.

प्रयोगात पत्राचं वाक्य झालं. डब्यांचं झालं; तिथे पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मान वर केल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या मनाचेही खेळ असतील. मग शेवटचा प्रवेश. थोरली पत्र घेऊन बसलेली. मी आत गेले. बाई म्हणाल्या, "तुला नाही कळायचं गं."

मी एक अक्षर बदललं नाही. फक्त त्यांच्याकडे नीट पाहून, आवाज खाली आणून म्हटलं, "आमास्नी काय कळतंय, बाई."

मागून दोघे-तिघे हसले, नाटक पाठ असणारे. त्यांचं हसू तिथेच थांबलं. बाकी कुणी हसलं नाही. आता बाईंनी प्रेक्षकांकडे वळून स्वगत सुरू करायचं होतं. त्या वळल्याच नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, पत्र धरलेला हात खाली आला, आणि स्वगताची पहिली ओळ त्या माझ्याशी बोलल्या. दुसरीही. मी निघून जायला हवं होतं, जाता येईना. ती पाच मिनिटं मी तिथे उभी राहून ऐकलं. रुमाल निघाले की नाही ते मला दिसलं नाही.

बक्षीस आलं नाही. परीक्षकांनी नंतर जे चार शब्द सांगितले त्यात 'मोलकरणीने हक्काची विनोदाची जागा घालवली' असं होतं. रंगपटात सगळे मेकअप पुसत होते. दिग्दर्शक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"अहो, तुमच्यामुळे गेलं."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळेच गेलं."

मी माफी मागेन अशीच त्यांची अपेक्षा असावी. कॉलेजच्या बाई कोपऱ्यात नऊवारी सोडत होत्या. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. त्या चिडलेल्या नव्हत्या, पण चेहरा उतरला होता.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "तिला माहीत होतं ना? माझी आई तिकडे मरतेय हे तिला माहीत होतं. ती म्हणाली असती, बाई, जा, तर मी गेलेही असते कदाचित. मग ती गप्प का बसली?"

"अख्ख्या नाटकात तिला एकही प्रश्न विचारलेला नाही," मी म्हटलं. "सासऱ्यांनी नाही, नणंदेने नाही. चहा आण, डबे घास, जा आता. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलंय. तुम्हीसुद्धा, बाई, एकही नाही."

त्यांनी नऊवारीची अर्धवट घडी बाजूला ठेवली.

"वीस वर्षं शिकवतेय मी हे," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "बसा. सांगा, तिचं नाव काय ठेवलंयत तुम्ही?"