देवकावहिनीचे तांदूळ

देवकावहिनीच्या पदराला कायम एक गाठ असे, आणि तिच्यात कच्चे तांदूळ असत. चूल फुंकताना, भांडी घासताना, बोलता बोलता चार दाणे तोंडात जात. सौंदडला आमची अंगणं एकमेकांना लागून. कुंपणापलीकडून कुरकुर ऐकू आली की वहिनी उठली, हे मला कळे. "काय व वयनी, घरी भात शिजत नाई का?" म्हणून मी डिवचायची. ती म्हणे, "तोंड कामात रायलं का भांडन सुचत नाई बाई." खरं तर भांडण तिला चांगलंच सुचे. हातपंपावर तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

जेवायला मात्र ती सगळ्यांच्या मागून बसे. चोरखमाऱ्याच्या तलावातली मासळी आणली की तुकडे नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या ताटात, शेपटी लेकीला, पायलला, आणि वहिनीला भात नि खरवडलेला रस्सा. विचारलं तर म्हणे, "मले नाई आवडत मासरी." माझ्याकडे पाहुणी म्हणून जेवली की हीच बाई काटेसुद्धा चोखून काढी.

मग तिला दम लागू लागला. धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, बांधीतल्या चिखलात वाकली की डोळ्यांपुढे अंधारी येई. पाळीच्या दिवसांत तर ती भिंत धरून चाले. मी तिला बळेच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?" चोरी पकडली गेल्यासारखी वहिनीनं पदराची गाठ मुठीत झाकली. अंगात रक्त फार कमी आहे, म्हणून ही तलफ येते, गोळ्या चुकवू नका, भाजी-मासळी तुम्हीही खा, असं बाईंनी नीट समजावलं. वहिनीनं त्यातलं एवढंच धरलं की तांदळानं तिचं रक्त आटलं.

त्याच संध्याकाळी तिनं गाठ सोडून तांदूळ कोंबड्यांना टाकले आणि पायलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तलफ आली की पदराचं टोक चावत बसे, पण दाणा तोंडात घातला नाही. जिद्द म्हणावी तर अशी. गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून त्या कोनाड्यात पडून राहिल्या. "तांदूर सोडले ना म्या, आता गोली कायले?" अगं, हे उलटं आहे, असं सांगून माझा घसा कोरडा पडला. ती हसून कामाला लागे. पायलनं एकदा सुपातले दाणे उचलले, तर पोरीच्या हातावर उलथनं बसलं.

पुढच्या रोवण्यात वहिनी बांधीतच खाली बसली. पाळी सुरू होती, लुगडं चिखलानं आणि रक्तानं भिजलेलं. गोंदियाला पोचून रक्ताची बाटली लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. मला तिचा राग आला. रडत होते तेव्हाही येत होता आणि अजून येतो, कारण एवढी खंबीर बाई भलत्याशीच लढत राहिली.

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही बायका तांदूळ निवडत बसलो होतो. पायलही सूप घेऊन बसली. पंधरा वर्षांची पोर, पण ओठ पार पांढरे पडलेले. मी विचारलं, "शाळेतली रक्तवाढीची निळी गोली खाते ना व?"

"नाई जी काकी. फेकून देतो. मळमळते."

मी तिला दारातल्या उजेडात ओढलं आणि पापणी खाली केली. आत लाली नावालाही नव्हती.

"उद्या माह्यासंग दवाखान्यात चाल," मी म्हटलं.

तिनं नवलानं विचारलं, "काऊन, काकी? मी तं एक दाना तोंडात टाकत नाई. आईनं सांगतलं तसंच करून रायलो."