शिकंज्यातली पुस्तकं

“मॅटर आलं का?” अण्णांनी मला दारातच विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मग कोरमंगलापर्यंत जाऊन काय केलंत, शांताक्का?”

लेख द्यायच्या ऐवजी देशपांडे सरांनी एका कादंबरीतला उतारा वाचून दाखवला आणि मी तो ऐकत उभी राहिले, हे काही मी सांगितलं नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. राघूअण्णांचा छापखाना चिकपेटच्या एका गल्लीत होता. मागच्या खोलीत बाइंडिंग चालायचं, ते काम माझ्याकडे होतं. माझ्याबरोबर घडी घालायला तीन-चार बायका असायच्या. आम्ही सगळे इथले जुने मराठी, निम्मं कन्नड बोलणारे. पण या कन्नड शहरात छापायला मराठी काम क्वचितच यायचं. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका आली. गणेश चतुर्थीला प्रकाशन होतं आणि आमंत्रणं वाटूनही झाली होती.

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. त्याची घडी घातली की होतो जुज. सगळे जुज क्रमाने लावायचे आणि दोऱ्याने एकमेकांत शिवायचे. पहिलाच जुज नसेल तर शिवण सुरू करता येत नाही. आमचा पहिला फॉर्म अडला होता. त्यात मंडळाच्या इतिहासाचा लेख जायचा होता आणि तो लिहिणार होते देशपांडे सर.

सर मूळचे पुण्याचे, मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले. फोन केला की त्यांच्या पत्नी, बाई, सांगायच्या, “लिहितायत.” म्हणून अण्णा मला पाठवायचे. मला अनोळखी घरात बोलायला जमायचं नाही. पण सर आनंदाने बसवून घ्यायचे. टेबलावर कोरे कागद आणि मांडीवर उघडं पुस्तक.

“सुरुवात सापडत नाहीये हो,” ते म्हणायचे. “जरा चांगलं वाचलं की हात चालायला लागेल. हे एवढं प्रकरण होऊ दे.”

प्रकरण संपलं की दुसरं पुस्तक. सगळी जुनी, पुन्हापुन्हा वाचलेली, समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेली.

इकडे बाइंडिंगच्या खोलीत बाकीचे जुज गठ्ठे बांधून छतापर्यंत गेले होते. हवा दमट, उंदरांची भीती वेगळीच. एके दिवशी अण्णा शांतपणे म्हणाले, “उद्या मॅटर नाही आलं तर काम परत देतो. बायकांना सांगा, पुढचं काम येईपर्यंत घरी बसा.” ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. बायकांना मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर सर वाचत होते. हातातल्या पुस्तकाची पाठ सुटली होती आणि पानांना बारीक भोकं होती. मी आजवर त्यांच्यापुढे स्वतःहून बोलले नव्हते. त्या दिवशी कसं बोलले कोण जाणे.

“सर, कसर लागलीय. बाकीच्या पुस्तकांतही जाईल. मी बांधून आणते.”

सरांनी पुस्तक छातीशी धरलं. “सगळी?”

“शेल्फातली सगळी.”

बाई आतून दोन जुन्या चादरी घेऊन आल्या. गाठी मारताना माझ्या कानाशी म्हणाल्या, “इतक्या वर्षांच्या संसारात मला हे सुचलं नाही हो.”

रिक्षात गाठोडी मांडीवर घेऊन बसले आणि तेव्हा कुठे भानावर आले. कुणाला विचारलं नव्हतं. एखादं पान फाटलं, हरवलं, तर?

“कुणी सांगितलं तुम्हाला हे?” अण्णा गाठोड्यांकडे बघत राहिले. “मॅटर आणायला पाठवलं, तर लायब्ररी आणलीत?”

“आणखी एक दिवस थांबा, अण्णा,” एवढं म्हणून मी कामाला लागले. नव्या बाइंडिंगनंतर पुस्तकाच्या कडा मशीनवर कापतात. इथे कापल्या असत्या तर सरांचं समासातलं सगळं लिखाण गेलं असतं. मी कटिंगवाल्याला हातही लावू दिला नाही. बायकांनी आणि मी पाठी शिवल्या, सरस लावला, पुस्तकं शिकंज्यात घातली. शिकंजा म्हणजे लाकडी फळ्यांचा दाब. स्क्रू आवळला की सरस वाळेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेस उघडायच्या आधीच सर दारात उभे.

“एक पुस्तक हवं होतं. एकच. संदर्भ बघायचाय.”

“शिकंज्यात आहे, सर. आत्ता काढलं तर पाठ तुटेल.”

“कधी सुटेल?”

“संध्याकाळी.”

ते परत जातील असं वाटलं. पण ते घडीच्या टेबलाशी स्टुलावर बसले. शिकंज्याकडे बघायचे, बायकांकडे बघायचे. शेल्फ नव्हतं, वर्तमानपत्रही अण्णांनी उचलून नेलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी रद्दी प्रूफाचा कागद ओढला आणि पाठकोऱ्या बाजूला एक ओळ लिहिली. ती खोडली. मी सुईत दोरा ओवत होते. मग दुसरी लिहिली, ती खोडली नाही.

पान भरलं की अण्णा स्वतः ते उचलून कॉम्प्युटरवरच्या मुलीकडे नेत. “स्वल्प चहा, सर?” एवढंच बोलत. दिवेलागणीला लेख झाला. दोन दिवसांत फॉर्म छापून आला आणि आम्ही शिवायला बसलो. चतुर्थीला स्मरणिका गणपतीपुढे होती, सरस पुरता वाळला नव्हता तरी.

सर पुस्तकं न्यायला आले तेव्हा समास उघडून बघितले आणि समाधानाने मान डोलावली. मग हळूच विचारलं, “शांताबाई, कसर खरंच होती?”

“दोन पुस्तकांत होती, सर.”

“आणि बाकीच्यांत?”

मी गाठोड्याची गाठ घट्ट करायला लागले.

ते हसले. “मग बाकीची आणखी थोडे दिवस राहू द्या. मंडळाचा अहवाल लिहायचाय.”

माझी शाळा चौथीपर्यंतची. तरी आता कधीमधी लिहायला बसते. पहिली ओळ सुचली नाही की हात आपोआप फळीवरच्या आवडत्या पुस्तकाकडे जातो. घरी शिकंजा नाही, म्हणून फळीवरची सगळी पुस्तकं मी शेजारच्या अक्कांकडे ठेवून आले आणि मगच एवढं लिहून झालं.