मिकुमा मागं राहिली

दुपारी जेवून सुलभाबाई आडव्या होतात. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात भांडं वाजतं. वामनराव डबा भरतायत. त्यांना जाऊन आठ महिने झाले हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. पण डब्याचं झाकण नीट बसत नाहीये, ते आधी बघायला हवं.

"अहो, उलटं लावताय."

"लागेल. तू पडून राहा, टाके ओढले जातील."

पडून राहायचं ते दवाखान्यात, कारण खाट आता तिथलीच आहे. बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, वामनराव महिनाभर उशाशी बसले, बाई घरी आल्या आणि तिसऱ्या दिवशी तेच गेले. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. लोकांचं काय जातं!

"अहो, खरं सांगा. तुमच्या छातीत दुखत होतं ना?"

"दुसऱ्या महायुद्धात, मिडवेच्या लढाईत," वामनराव सुरू करतात.

घ्या! पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा साताऱ्याचा माणूस, समुद्र पाहिला दोनदा, तोही गणपतीपुळ्याला. पण पुठ्ठ्याच्या जपानी-अमेरिकन क्रूझर, म्हणजे लढाऊ बोटी, करण्यात जन्म घातला. अडचणीचा विषय निघाला की स्वारी निघाली लढाईवर. चाळीस वर्षं बाईंनी हे या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. आज मात्र ऐकतात.

"मोगामी वर्गाच्या चौघी चालल्या होत्या. चौघींना जपानी नद्यांची नावं. अंधारात अमेरिकन पाणबुडी दिसली. घाईनं वळताना मोगामी पुढच्या मिकुमावर आदळली, नाक चेपलं तिचं. धड चालवेना. मग मिकुमा तिच्या सोबतीला मागं राहिली."

"आणि?"

"अमेरिकन विमानं आली. मिकुमा बुडाली. मोगामी घरी पोचली."

दवाखान्याची फरशी हलते. ती लोखंडी आहे, दोन्हीकडे काळं पाणी, आणि लांबवर दुसरं कुणी नाही.

"म्हणजे माझ्यामुळंच," बाईंना रडू फुटतं.

"मिकुमाचंही तेल गळत होतं गं." वामनराव पाण्याकडे बघतात. "मला वाटलं, तुझं आटपलं की दाखवू डॉक्टरांना."

रागवावं तर कुणावर?

"मोगामीचं पुढं काय झालं?" बाई शेवटी विचारतात.

"डागडुजी झाली. मागच्या तोफा काढून विमानांना जागा केली. लढली की आणखी दोन वर्षं."

"एकटी?"

"छे, बाकीच्या होत्या ना."

"मिकुमा नव्हती."

"नव्हती," वामनराव कबूल करतात.

"कुठं दुखतंय?"

ते शर्टाची दोन बटणं काढतात आणि पहिल्यांदाच दाखवतात. "इथं." बाई बोटावर बाम घेतात आणि हळूहळू चोळत राहतात.

चार वाजता बाईंना जाग येते. गालावरचं पाणी पुसायला हात जातो आणि डोळे झणझणतात. बोटांना बामाचा वास आहे. घरात बाम नाही. संपल्यावर पुन्हा कुणी आणलाच नव्हता.

त्या रात्री सुलभाबाई हात न धुताच आमटीभात चमच्यानं खातात.