मोटारीला घातलेलं गाऱ्हाणं

मोटार येण्याआधी आमच्या गावची मुलं सुखरूप शाळेत जायची, असं आता कोणी म्हणालं की मला हसू येतं. शाळेच्या वाटेवर एक व्हाळ होता आणि त्याच्यावर माडाची दोन खोडं आडवी टाकून केलेला साकव. पावसाळ्यात त्या खोडांवर शेवाळ धरायचं आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक पोर व्हाळात पडायचं. पुढे एक मारका बैल बांधलेला असायचा, म्हणजे बांधलेला असायला हवा होता. पाणंदीत फुरसं निघायचं. यातल्या कशाचीही आमच्या आयांना फिकीर नव्हती. मी व्हाळात पडून भिजून घरी आले तेव्हा आईने आधी दप्तर चुलीपाशी वाळत ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

मग रस्ता झाला. आमची वाडी एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, आणि मधून हा तांबड्या मातीचा रस्ता. त्याच्यावरून दिवसातून एकच सरकारी मोटार जायची आणि तीच संध्याकाळी परत यायची. तिची जायची वेळ नेमकी आमच्या शाळेची. आधी लांबच्या चढणीवर तांबडी धूळ उठायची, मग भांड्यांचं दुकान गडगडत खाली यावं तसा आवाज, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने मोटार. तेवढ्यात एखादा म्हातारा खाटेवरून उठून, विडी पेटवून, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसला असता. तरी अख्खा गाव तिला टरकून होता.

त्यात आमची तलंग मेली. तलंग म्हणजे नुकतीच अंडी घालायला लागलेली कोंबडी, आणि आईचा तिच्यावर फार जीव. ती रस्ता ओलांडून व्यवस्थित पलीकडे पोचली होती. पण तिला काय आठवलं देव जाणे, मोटार आली आणि ती परत फिरली. ड्रायव्हर भला माणूस. गाडी थांबवून उतरला आणि दोन्ही हातांवर तलंग घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आला. "वयनी, माजी चूक नाय," तो म्हणाला, "तीच मधीच परतली."

आईने त्याला पाणी दिलं. दुपारी पाट्यावर रश्श्याचं वाटप वाटताना ती रडत होती आणि रस्सा मात्र झकास झाला होता. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिने हात धुतले आणि जाहीर केलं, "आज तलंग, उद्या माजा चेडू. शाळा बंद."

तिचं चेडू म्हणजे मी; मी तेव्हा चौथीत होते. आमच्या वाडीतून शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी. माझ्या वयाच्या दोघींची शाळा दुसरीतच सुटली होती. एक दिवसभर डालीत पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायची आणि दुसरीच्या कडेवर सदा कोणतंतरी भावंड असायचं. उद्यापासून त्यांच्यात आपण तिसरी. मी त्या संध्याकाळी जेवले नाही. सकाळी मात्र जेवले, कारण बांगडे आले होते. वडील मुंबईला नोकरीला; त्यांना पत्र टाकलं तर उत्तर यायला पंधरवडा, आणि उत्तर काय येणार तेही पाठ होतं, "तुला योग्य वाटेल तसे करावे."

चौथ्या दिवशी मास्तर घरी आले. मास्तर घाटावरचे, शुद्ध बोलणारे आणि नियमांचे भोक्ते. मोटार सुरू झाल्यापासून त्यांनी शाळेच्या पटांगणात आमच्याकडून रस्ता ओलांडण्याचा सराव करून घ्यायला सुरुवात केली होती. चुन्याच्या दोन रेघा म्हणजे रस्ता, एक मुलगा मोटार आणि बाकीच्यांनी जपून पलीकडे जायचं. पण मोटार व्हायला सगळेच तयार आणि पादचारी व्हायला कोणीच तयार नाही, त्यामुळे एका पादचाऱ्यावर पंधरा मोटारी धावून यायच्या. शेवटी मास्तरांनी तो सराव बंद केला.

"बाई," मास्तर म्हणाले, "मुलगी हुशार आहे. उजवीकडे बघून, डावीकडे बघून रस्ता ओलांडला तर कसलाही धोका नाही."

आई म्हणाली, "मास्तरानू, कोंबडयेक दोन बाजूंक दोन डोळे आसतत. तिका मान पन वळवची लागना नाय. तरीय मेली मां?"

मास्तरांनी चहा संपवला. ह्या मुद्द्यावर त्यांच्या पुस्तकात काही नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे आजोबा पुढे झाले. ते गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला साकडं सांगायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लग्न असो, विहीर असो, नाहीतर होडी पाण्यात लोटायची असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. आजोबा म्हणाले, "रस्तो झालो, मोटार इली, पण गाऱ्हाणा खंय घातलास? देवाक कोणी सांगलाच नाय. मगे तो तरी काय करतलो?"

हे आईला एकदम पटलं. मास्तरांना पटलं नाही, पण माझी शाळा वाचत असेल तर त्यांनी मोटारीची सत्यनारायणाची पूजासुद्धा चालवून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी सारी वाडी रस्त्यावर जमली. आजोबांनी नारळ ठेवला तो थेट रस्त्याच्या मधोमध. मास्तर म्हणाले, जरा कडेला ठेवा. आजोबा म्हणाले, "कडेक घातला तर देव कडेचा बघतलो. मोटार मधसून येता." मग त्यांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ही जी काय मोटार तुझ्या गावातसून जाता, तिच्या ब्रेकाक यश दी, डायवराच्या डोळ्याक नजर दी, आनी ह्या पोरांच्या केसाक धक्को लागांदे नको रे म्हाराजा." आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडलो, "व्हय म्हाराजा."

आईने मला शाळेत जायची परवानगी दिली. पण अट घातली. रोज रस्ता ओलांडण्याआधी त्याच जागेवर उभं राहून, हात जोडून, दोन्ही डोळे मिटून मी गाऱ्हाणं घालायचं. "एक दिवस चुकवलंस," ती म्हणाली, "तर शाळा कायमची बंद. मगे रडत माझ्याकडे येव नको."

त्याच जागेवर म्हणजे रस्त्याच्या मधोमध. मुलांनी मोटारीपासून सुरक्षित राहावं म्हणून मुलांना मोटारीच्या वाटेत डोळे मिटवून उभं करायचं, असा हा बंदोबस्त होता, आणि त्यात काही चुकतंय असं गावात एकालाही वाटलं नाही.

वाडीतले सात-आठ मुलगे माझ्याभोवती उभे राहायचे, कारण "व्हय म्हाराजा" ओरडायला कोणाला आवडत नाही? पहिल्या दिवशी मी डोळे मिटले, "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि चढणीवरून खडखडाट ऐकू आला. माझी पाचावर धारण बसली. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडलं तर शाळा जाणार आणि नाही सोडलं तर मी जाणार. माझा डावा डोळा आपोआप उघडला. तो त्या दिवसापासून मी रोज उघडाच ठेवला. उजवा देवासाठी मिटलेला, डावा मोटारीसाठी उघडा. आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अट मोडल्याबद्दल तिने घरी बसवलं असतं.

पण मोटार रोज थांबायची. ड्रायव्हर पडला इकडचा माणूस. गाऱ्हाणं चालू असताना भोंगा वाजवायची त्याची काय छाती? तो इंजिन बंद करायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि आमच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचा. दोन-चार दिवसांनी कंडक्टर म्हणायला लागला. मग खिडक्यांतून उतारू. कट्टा गावच्या बाजाराला सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन जाणारी एक बाई होती, ती एके दिवशी खिडकीतून म्हणाली, "गो बाय, माज्या सुंगटांक गिराईक गावांदे म्हणान पन सांग." मी सांगितलं. सगळी मोटार म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिची सुंगटं त्या दिवशी खरोखरच लवकर खपली आणि तिथेच माझा घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून अर्ज यायला लागले. कोणाची म्हैस गाभण राहायची होती. कोणाची कोर्टाची तारीख होती. कोणाचा दात दुखत होता. एका गृहस्थाने जावयाची तक्रार सांगितली, आणि जावई मागच्याच बाकावर बसलेला निघाला. मला त्या जावयाच्या डोक्यात प्रकाश पाडण्याची विनंती देवाला करावी लागली, आणि "व्हय म्हाराजा" म्हणताना सगळ्यात मोठा आवाज त्या सासऱ्याचा होता. मोटारीला रोज उशीर, शाळेला रोज उशीर. शाळेत छडी खात होते आणि रस्त्यावर मान मिळत होता. खरं सांगते, मला तो मान आवडायला लागला होता.

मोटारीच्या उशिराची कागदं वर गेली असणार. एके सकाळी गाऱ्हाणं रंगात आलं असताना डाव्या डोळ्याला मोटारीतून उतरणारे पांढरे बूट दिसले. बुटांवर खाकी कपडे आणि हातात घड्याळ. तपासायला आलेले साहेब होते. तिसऱ्या "व्हय म्हाराजा"ला त्यांचाही हात टोपीकडे गेलेला मी बघितला. मग आपण साहेब आहोत हे त्यांना आठवलं असावं.

"हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. "रहदारीला अडथळा करता? कोणी सुरू केलं हे?"

रहदारी म्हणजे ती एक मोटार आणि तिच्यामागून येणारी एक म्हैस. पण माझ्याभोवतीच्या सात-आठ बोटांनी एकदम माझ्याकडे दाखवलं आणि ती बोटंही पाठोपाठ शाळेकडे पळाली. साहेब म्हणाले, "घर दाखव."

मी पुढे, साहेब मागे, त्यांच्यामागे ड्रायव्हर, कंडक्टर आणि मजा बघायला उतरलेली अर्धी मोटार. आई खळं सारवत होती. शेणाचे हात तसेच घेऊन ती उठली. साहेबांनी सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"सायबानू," ती म्हणाली, "मोटार थांबता मां?"

"थांबते, पण..."

"रोज थांबता?"

"रोजच थांबते, बाई. तक्रार तीच आहे."

"मगे देवान आयकला. तुमी कित्याक कावतात?"

ड्रायव्हरने मान डोलावली. साहेबांनी घाम पुसला. मग ते एकदम वेगळ्या आवाजात बोलले. "बाई, मलाही मुलगी आहे. एखाद्या दिवशी ब्रेक लागला नाही तर? तुमची पोर रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभी असते."

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिच्या डोक्यात ते तोवर आलंच नव्हतं, हे मला दिसलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "डोळे मिटतंस?"

आता काय बोलणार? हो म्हटलं तर धोका आहे म्हणून शाळा बंद. नाही म्हटलं तर अट मोडली म्हणून शाळा बंद. चौथीच्या कुठल्या परीक्षेत मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता. पातेऱ्याची डाली माझ्या डोळ्यांसमोर दिसायला लागली. अर्धी मोटार माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी खरं तेच सांगितलं, कारण खोटं कुठलं सांगायचं तेच सुचेना.

"एकच मिटतंय," मी म्हटलं. "डावो उघडो ठेवतंय. पयल्या दिसापासून."

मला रडू फुटलं. आई माझ्याजवळ आली. शेणाने भरलेले हात मला लागू नयेत म्हणून तिने ते मागे धरले होते.

"माका वाटलाच," ती म्हणाली. "देवाच्या फुडे हात जोडून नैवेद्याच्या ताटातल्यो नेवऱ्यो मोजतंस, ता काय माका दिसणा नाय?" सुंगटवाली हसली. आई हसली नाही. ती माझ्याशी अगदी हळू बोलत होती, साहेबांनाही ऐकू गेलं नसेल. "आमका डोळे मिटूक सांगल्यानी आनी आमी मिटले. उघडले तेव्हा फुड्यात चूल होती. तुजे आता दोनय उघडे रवांदेत. कडेक उभी रव, गाऱ्हाणा एका ओळीचा घाल, आनी जा. शाळा भरली आसतली."

मी दप्तर उचलून पळाले. मास्तरांनी उशिराबद्दल छडी उचलली, पण मी आधीच रडतेय हे बघून त्यांनी ती खाली ठेवली आणि मला माझ्या जागेवर बसायला सांगितलं.