दोन बरण्यांचा नियम

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या कॉलनीत घरमालकांची एक असोसिएशन आहे. दाराला कोणता रंग चालेल, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा, असल्या गोष्टी ती ठरवते. तिच्या बोर्डावर मी निवडून आले ती केवळ मीटिंगला न गेल्यामुळे. जे हजर होते त्यांनी आपापली सुटका करून घेतली आणि माझं नाव एकमताने पास केलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांच्या चुका शोधायची हिला सवयच आहे, असं म्हणून नवऱ्याने सगळ्यांसमोर अभिनंदन केलं.

पहिलीच तक्रार आली ती कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांबद्दल. ते गॅरेजमध्ये प्रमाणाबाहेर प्राणी पाळतात म्हणे. नियमाप्रमाणे घरटी दोनच चालतात. बोर्डाच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अमेरिकन मुख्याध्यापिका. त्यांनी चौकशीला मलाच पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमचा आणि इंग्रजांचा जुना परिचय आहे. तो परिचय कसा होता हे तिथे सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी सकाळी गेले. गृहस्थांनी दार उघडलं, तक्रार नीट ऐकून घेतली आणि ती खरी आहे असं सांगितलं.

"किती प्राणी आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"काही लाख असतील. मोजणं अवघड आहे. आपण मोजतो तेवढ्यात ते वाढतात."

गॅरेजमध्ये गाडी नव्हती. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लोणच्याच्या धुतलेल्या काचेच्या बरण्या. प्रत्येकीत तळ्याचं पाणी आणि तळाशी खाद्य म्हणून गव्हाचे उकडलेले एक-दोन दाणे. त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. निळसर हिरवा, लांबट, वर तोंडाशी पसरट असा एक जीव पाण्यात डुलत होता. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात तुतारी वाजवतात, अगदी तशी दिसते. त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. तेव्हापासून ते त्याला 'टुटारी'च म्हणायला लागले.

मग चहा झाला. पाण्यात पिशवी बुडवून काढलेला, वर थेंबभर दूध. तो पिता पिता त्यांनी आपली सगळी हकिगत सांगितली. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावात न्हाव्याच्या घरी जन्म. विद्यापीठात पहिल्यांदा ही तुतारी पाहिली, तिचे काचेच्या सुईने दोन तुकडे केले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही तुकड्यांच्या दोन पूर्ण तुताऱ्या झालेल्या बघितल्या. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी आपलं काय गेलं आहे हे तुकड्याला कळतं कसं, हा एकच प्रश्न घेऊन ते दोन वर्षांसाठी अमेरिकेत आले आणि इथेच म्हातारे झाले. बरोबरचे सगळे जनुकांकडे वळले, मोठे झाले. यांची ग्रांट बंद पडली की हे बरण्या गाडीत घालून दुसऱ्या विद्यापीठात जायचे. एकदा वाटेत राज्याच्या हद्दीवर शेतीखात्याच्या चौकीवर अडवलं. गाडीत फळं किंवा भाज्या आहेत का, असं विचारलं. यांनी नाही म्हटलं आणि बरण्यांत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली. चौकीवरचा माणूस इतका वेळ ऐकत राहिला की मागे गाड्यांची रांग लागली. निवृत्तीनंतर विद्यापीठाने लॅब रिकामी करायला सांगितली, तेव्हा बरण्या गॅरेजमध्ये आल्या.

"वडिलांनी जन्मभर लोकांचे केस कापले," ते म्हणाले. "मी तरी वेगळं काय केलं?"

मी बोर्डाला कळवलं की तक्रारीत तथ्य आहे, पण प्राणी फार लहान आहेत. अध्यक्षांनी उत्तर दिलं की नियमात आकाराचा उल्लेख नाही.

सुनावणी क्लबहाऊसमध्ये झाली. गृहस्थ सूट घालून, टाय बांधून आले होते आणि सूक्ष्मदर्शक आईस्क्रीमच्या कूलरमध्ये जपून आणला होता. बोर्डातले वकील जर्सीतलेच होते. त्यांनी विचारलं, हा प्राणी आहे का? गृहस्थ म्हणाले, शास्त्राप्रमाणे नाही. मग वनस्पती आहे का? तीही नाही. वकिलांनी नियम वाचून दाखवले. त्यात प्राणी, वनस्पती आणि वाहनं एवढंच होतं. खजिनदारांनी सुचवलं की वनस्पती म्हणून टाका, कुंड्यांना मर्यादा नाही. गृहस्थांनी साफ नकार दिला. खोटं लिहून बरण्या वाचवायच्या असत्या तर मी खोटं लिहून ग्रांट मिळवली असती, असं ते शांतपणे म्हणाले.

मागून कुणीतरी विचारलं, यांची नसबंदी करता येते का? त्यांनी या प्रश्नालाही सविस्तर उत्तर दिलं.

मग वकिलांनी मुद्दा काढला की एकीचे दोन तुकडे केले तर पाळीव प्राणी एक धरायचा की दोन. गृहस्थांचा चेहरा उजळला. हाच माझा प्रश्न आहे, ते म्हणाले, आणि बोलत सुटले. अध्यक्षांनी लाकडी हातोडी टेबलावर आपटली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माझा नवरा म्हणाला, "गोळा झाली. आवाज झाला आणि ती गोळा झाली." मग सगळेच बघायला उठले. रांग लागली. अध्यक्ष हातोडी आपटत राहिल्या आणि तुतारी दर वेळी आकसत राहिली. थोड्या वेळाने नवरा म्हणाला, आता नाही आकसत.

"तिला सवय झाली," गृहस्थ म्हणाले. "हिच्यापासून धोका नाही, हे तिला समजलं."

अध्यक्षांनी हातोडी खाली ठेवली. स्वतः जाऊन बराच वेळ बघून आल्या. कुणी हसलं नाही, पण त्यानंतर मीटिंग पुष्कळ मवाळ झाली. शेवटी ठरलं ते असं, की एक बरणी म्हणजे एक पाळीव प्राणी. घरटी दोन बरण्या.

गृहस्थ खुर्चीत बसून राहिले. बाकीच्या भिंतभर बरण्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. आमच्या कॉलनीत देशी, म्हणजे भारतीय, घरं भरपूर आणि कुत्री-मांजरं जवळजवळ कुणाकडेच नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही जागा रिकाम्या आहेत. मग एक तेलुगू काका म्हणाले, आमच्याकडेही आहेत. नियमाविरुद्ध त्यात काही नव्हतं. वकिलांनी पुस्तक चाळून बघितलं आणि मिटलं.

बरण्या देण्याआधी गृहस्थांनी प्रत्येक घरी येऊन खिडकी तपासली. ऊन थेट येतं का, पाण्यात क्लोरीन किती, घरात फिनेल कोणतं. आमच्याकडे नागपूरहून आई आली होती. ती म्हणाली, मुलगी द्यायच्या आधी घर बघायला आलेत जणू. बरणी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली, तेव्हा तिने नाक मुरडलं. चार दिवसांनी मात्र आईच बरणी फोडणीच्या धुरापासून लांब सरकवताना दिसली. गहू संपले होते म्हणून तिने तांदळाचा दाणा उकडून टाकला. मी घाबरून गृहस्थांना फोन केला. ते आले, बघितलं आणि म्हणाले, गव्हापेक्षा बरं चाललंय. आईने ते भाषांतराशिवाय ओळखलं.

दर रविवारी ते ड्रॉपर घेऊन घरोघर फेरी मारत. भारतात जाणारे लोक शेजाऱ्यांकडे बरणी ठेवून जात. एका घरी नवऱ्याने शिळं पाणी समजून ती सिंकमध्ये ओतली, तेव्हा गृहस्थ अंत्यविधीला घालतात तसला काळा कोट घालून त्यांना भेटायला गेले. ते कुटुंब इतकं ओशाळलं की त्यांनी आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा उरलेला केक बांधून दिला.

मग गृहस्थांची नजर गेली. मध्ये काळा ठिपका, कडेने थोडं दिसायचं. सूक्ष्मदर्शक ते आमच्या डायनिंग टेबलावर आणून ठेवायचे, मी बघायची आणि सांगायची. आधी मी टेस्टिंगच्या रिपोर्टसारखं बोलायची. ते म्हणायचे, निष्कर्ष नको, काय दिसतंय ते सांगा. हळूहळू जमलं.

एका सकाळी त्यांनी काचेची सुई माझ्या हातात दिली. म्हटलं, मला नाही जमणार. ते म्हणाले, तुम्ही पोळ्या लाटता ना, हात हलका आहे तुमचा. पोळ्या आई लाटते, हे मी सांगितलं नाही. तुतारी आकसण्याआधी सुई फिरली, आणि वरचं तोंड एकीकडे, खालचा देठ दुसरीकडे झाला. मला उगीचच माफी मागावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात बेल वाजली. ते चपला न काढता सरळ टेबलापाशी आले.

"देठाला तोंड आलं?"

मी बघितलं. इवलीशी, पण पूर्ण. तोंडाभोवतीची लव भराभर हलत होती.

"आलं."

"खात्री आहे?"

"काहीतरी गिळतेय."

ते खुर्चीवर बसले. आईने त्यांच्यासमोर उपम्याची बशी ठेवली आणि मला म्हणाली, त्यांना विचार, दुखलं असेल का गं तिला? मी विचारलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"आईंना सांगा," ते म्हणाले, "हे मला कधी कुणी विचारलंच नाही."