तुमची ठेवू, की नवी घालू?

संगणकाने प्रश्न विचारला, की भाऊ दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून काखेत दाबून धरायचे. चुकून बोट पडायला नको. मग अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "थांबा! वाचू तर द्या, त्याला काय म्हनायचंय त्ये!"

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्यामुळे रांग खोळंबते आणि आपण चरफडत उभे राहतो.

कामशेतच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीत बसते. भाऊ तिथले संगणक सांभाळायला पवनानगरहून वडापच्या जीपने यायचे. केसपेपरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की ती चढवायचं काम त्यांचं. चढवता चढवता पडद्यावर प्रश्न यायचा: या सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केले आहेत. तुमची ठेवू, की नवी घालू?

शहरातल्या मुख्य कार्यालयाला हा प्रश्न म्हणजे कटकट. भाऊ मात्र दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ वाचायचे. नव्यातलं कामाचं तेवढं आपल्या फाइलीत घ्यायचे, बाकी आपलं होतं तसं ठेवायचे.

डॉक्टर चिडवायचे, "काय भाऊ, पोथी संपली का?"

"आध्याय चालू हाय. बसा गुमान."

एकदा तेही चुकले. जुनीच फाइल बरी म्हणून ठेवली आणि दिवसभर छपाई बंद पडली. सगळ्यांना चहा पाजून म्हणाले, "आपलं म्हंजी समदं बराबर, आसं न्हाई ना बाबांनो."

पण एका ओळीला ते कुणाला हात लावू देत नसत. लोहगडाच्या बाजूच्या डोंगरवाड्यांमधल्या घरांना क्रमांक नाहीत, आणि सॉफ्टवेअर घर क्रमांकाशिवाय केसपेपर काढत नसे. भाऊंनी ती अट काढून नुसतं वाडीचं नाव चालेल, असं केलं होतं. त्या एका ओळीवर तिथल्या बायकांना रक्तदाबाच्या गोळ्या मिळत होत्या.

मग वरून हुकूम आला: सगळीकडे नवी फाइल घाला, सगळं एकसारखं हवं. एकसारखं! ज्यांच्या घराला कुणी कधी क्रमांक दिला नाही, त्यांच्याकडेच तो मागायचा, आणि याला म्हणायचं शिस्त. भाऊंनी आपलीच फाइल ठेवली. मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर ओरडले, "तुम्हाला फक्त हो दाबायचंय!"

"दाबतो की. मंग खिडकीशी आलेल्या मावशीला न्हाई म्हनायला तुमी येताय का?"

थोड्याच दिवसांत त्यांचं कंत्राट संपल्याचं कळवण्यात आलं. आता नवी आवृत्ती शहरातूनच परस्पर चढते. मध्ये प्रश्नसुद्धा येत नाही.

नवी फाइल लागू झाली त्या सकाळी वाडीवरची एक म्हातारी खिडकीशी आली.

"मावशी, घराचा नंबर?"

"नंबर कुटला, बाई? करवंदीच्या जाळीपल्याडचं घर. भाऊला इचार, त्याला ठावं हाय."

मी वाडीचं नाव टाकून पाहिलं. घेईना. संतापाने मी वाडीच्या जागी माझ्या स्वतःच्या घराचा क्रमांक आणि पत्ता टाकला. केसपेपर निघाला, गोळ्या मिळाल्या.

भाऊ आता पवनेच्या काठी पर्यटकांचे तंबू लावायच्या कामावर असतात. मी लगेच त्यांना फोन केला. मला शाबासकी हवी होती.

"मावशीला गोळ्या मिळाल्या न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मिळाल्या! माझ्याच घराचा नंबर दिला ठोकून."

पलीकडे तंबूचं कापड फडफडत होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पन म्हंजी कागदावर वाडी गेलीच की गं. उद्या कोनी म्हनंल, तितं वर कुनी आजारीच पडत न्हाई."

फोन ठेवला तेव्हा खिडकीबाहेर वाडीवरच्या आणखी तिघी उभ्या होत्या. मी पुन्हा माझाच क्रमांक टाकला.